लेक, वेल आणि काँग्रेस विहीर: चिपच्या कोडनेमविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुने कॉम्प्युटर घेणाऱ्या, उघडणाऱ्या आणि जोडणाऱ्या मंडळींसाठी हे पान आहे. 'स्कायलेक', 'हॅसवेल', 'सँडी ब्रिज' ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसर चिपांची नावं आली कुठून, याचा एक गमतीचा सिद्धांत इथं मांडला आहे. तो लक्षात राहिला, तर चिपला चुकीचा बोर्ड (मदरबोर्ड) घेतला जात नाही. म्हणून गंमत आणि व्यवहार दोन्ही एकाच ठिकाणी ठेवले आहेत.

कोडनेम म्हणजे काय? डबीवर तर 'कोअर आय५' लिहिलेलं असतं.

चिप बाजारात यायच्या तीन-चार वर्षं आधी तिचं काम सुरू होतं. तेव्हा विक्रीचं नाव ठरलेलं नसतं. पण बोर्ड बनवणाऱ्यांना, बायोस (बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांना, लिनक्सवाल्यांना त्या चिपविषयी बोलावं तर लागतं. त्यासाठीचं नाव म्हणजे कोडनेम. विक्रीचं नाव नंतर येतं आणि कोडनेम मागे उरतं, कारण लिनक्सच्या कोडमध्ये आणि कंपायलरच्या (प्रोग्राम चिपच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पर्यायांत ते कायमचं लिहिलं गेलेलं असतं. बेळगावकरांना यात नवल वाटू नये. वेणुग्राम, बेळगाव, बेळगावी ही एकाच गावाची नावं. कोणतं कुठल्या कागदावर लिहायचं ते आपण जाणतो.

नदी-पूल-विहीर-तळं हा सिद्धांत काय आहे?

सिद्धांत असा: इंटेलची नावं गाव वसतं त्या क्रमानं पुढं जातात.

माणसं आधी नदीकाठी येतात. पेंटियम २ च्या चिपा क्लॅमथ (१९९७) आणि डिशूट्स (१९९८), पहिला पेंटियम ४ म्हणजे विलॅमेट (२०००), आणि कोअर आय७ ची पहिली पिढी नेहॅलम (२००८). या चारही नद्या अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या. इंटेलचं मोठं केंद्र त्याच राज्यात हिल्सबोरोला आहे.

काठावर बस्तान बसलं की पूल बांधतात. सँडी ब्रिज (२०११), आयव्ही ब्रिज (२०१२).

वस्ती वाढली, नदी लांब पडायला लागली, की विहीर खणतात. इंग्रजीत विहिरीला 'वेल' म्हणतात. हॅसवेल (२०१३), ब्रॉडवेल (२०१४).

विहिरीनं भागेना झालं की तळं. स्कायलेक (२०१५), केबी लेक (२०१६), कॉफी लेक (२०१७), कॉमेट लेक, रॉकेट लेक, आल्डर लेक, रॅप्टर लेक, आणि अजून चालूच आहे.

हा क्रम आपल्या भागाला चांगला कळतो. खानापूर मलप्रभेच्या काठी वसलं आणि तिथं पूल झाला. बेळगाव शहराला नदी नाही, म्हणून ते विहिरींवर वाढलं आणि पुढं राकसकोप जलाशयाचं पाणी आलं. सिद्धांताचा सगळ्यात बोलका पुरावा टिळकवाडीच्या बाजूला आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर. त्या विहिरीला नाव दिलं पंपा सरोवर. विहीर खणली आणि तळ्याचं नाव ठेवलं, म्हणजे हॅसवेलपासून स्कायलेकपर्यंतचा प्रवास बेळगावनं एका दमात केला, तोही ९० वर्षं आधी.

पण 'लेक' म्हणजे मुलगी ना? आणि 'वेल' म्हणजे मांडवावर चढते ती?

मराठी कानाला हेच आधी ऐकू येतं, आणि आमच्या मते लक्षात ठेवायला हाच अर्थ अधिक सोयीचा आहे. आधी वेल, मग लेक: म्हणजे वंशवेल. आयव्ही हीसुद्धा इंग्रजीत एक वेलच, भिंतीवर चढणारी. या वाचनाचा व्यवहारातला फायदा असा की 'लेक' आडनावाच्या सगळ्या चिपा एकाच घरी नांदत नाहीत, हे चटकन ध्यानात राहतं. प्रत्येक लेकीचं सासर वेगळं. कोणाचं कुठलं, ते खाली दिलं आहे.

सिद्धांत खरा आहे का?

नाही. इंटेलमध्ये बसून कोणी गाव वसवत नव्हतं. खरं कारण कोर्टकचेरीशी जोडलेलं आहे. आधी चिपांना नुसते आकडे असत: ८०८६, २८६, ३८६. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं '३८६' हा आकडा कोणा एकाचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही असं ठरवलं, आणि १९९३ मध्ये ५८६ ऐवजी 'पेंटियम' हे बनवलेलं नाव आलं. विक्रीच्या नावावर हक्क हवा असतो. कोडनेमच्या बाबतीत उलटं, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क निघायला नको. नकाशावरच्या नदी-गावाच्या नावावर सहसा कोणी दावा सांगत नाही. म्हणून नद्या, म्हणून गावं.

तरी नाव अडकतं ते असं. सँडी ब्रिजचं काम इस्रायलमध्ये हैफाला झालं आणि तिचं पहिलं नाव 'गेशेर' होतं. हिब्रूत गेशेर म्हणजे पूल. तिथं त्याच नावाचा राजकीय पक्ष होता, म्हणून नाव बदललं, पण पूल तेवढा राहू दिला. सिद्धांतातली पुलाची पायरी अशी हिब्रूतून आली आहे.

माणसाचं नाव घेतलं तर काय होतं ते ॲपलच्या उदाहरणात दिसतं. १९९४ च्या पॉवर मॅकिंटॉश ७१०० या कॉम्प्युटरचं आतलं नाव 'कार्ल सेगन' होतं, एका खगोलशास्त्रज्ञाचं. हे बाहेर फुटल्यावर सेगन यांनी हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. बदललेलं नाव त्यांना टोमणा मारणारं निघालं, तेव्हा ते कोर्टात गेले, पण दावा हरले. इतका ताप नदीच्या नावानं होत नाही.

सिद्धांत कुठं फसतो?

पहिली अडचण वेस्टमिअर (२०१०). 'मिअर' हा तळ्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द, आणि ही चिप पुलाच्या आधी आली. म्हणजे क्रम मोडला. यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही.

दुसरी, नदी आणि पूल यांच्या मध्ये कितीतरी नावं अशी आहेत ज्यांचा या पायऱ्यांशी संबंध नाही. काटमाई हा अलास्कातला ज्वालामुखी. प्रेस्कॉट हे ॲरिझोनातलं गाव. २००४ ची ही चिप फार तापायची. बॅनियास (२००३) मात्र झऱ्याचं ठिकाण आहे, ते सिद्धांताच्या बाजूनं धरता येईल.

तिसरी नावाच्या अर्थाची. कॉपरमाइन म्हणजे तांब्याची खाण, म्हणून त्या पेंटियम ३ मध्ये तांब्याच्या तारा असतील असं अनेकांनी गृहीत धरलं. आत ॲल्युमिनियम होतं. कॉपरमाइन ही कॅनडातली एक नदी आहे.

२०१५ पासून नुसती तळीच तळी. विहिरीसारखी दोनच का नाहीत?

इंटेलचा एक ठेका होता. एका वर्षी नवी रचना, पुढच्या वर्षी तीच रचना अधिक बारीक सर्किटात. म्हणून जोड्या दिसतात: सँडी ब्रिज ३२ नॅनोमीटर आणि आयव्ही ब्रिज २२, हॅसवेल २२ आणि ब्रॉडवेल १४. स्कायलेक १४ वर आली आणि पुढचं १० नॅनोमीटरचं काम रखडलं. १० वर बनलेली कॅनन लेक २०१८ मध्ये आली ती जवळपास नावापुरती. दरम्यान केबी, कॉफी, कॉमेट सगळ्या १४ वरच निघाल्या. नवी रचना नाही, तर नवं आडनाव कशाला?

आल्डर लेकपासून बऱ्याचदा एकाच चिपमध्ये दोन जातीची कोअर (हिशेब करणारे भाग) असतात. मोठ्यांना 'कोव्ह' म्हणजे छोटी खाडी, लहानांना 'मॉन्ट' म्हणजे डोंगर. आल्डर लेकच्या पोटात गोल्डन कोव्ह आणि ग्रेसमॉन्ट आहेत. तळ्यात खाडी आणि डोंगर, असा भूगोल आता झाला आहे.

त्याच काळात इंटेलची स्पर्धक एएमडी काय करत होती?

इथं सिद्धांत खरोखर रंगतो. इंटेल पूल बांधत असताना एएमडीनं यंत्रं आणली. २०११ मध्ये सँडी ब्रिज आणि त्याच वर्षी बुलडोझर. २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज आणि त्याच वर्षी पाइलड्रायव्हर, म्हणजे पुलाच्या पायाचे खांब ठोकणारं यंत्र. पुढं स्टीमरोलर आणि एक्सकॅव्हेटर. एकानं पूल घ्यायचा, दुसऱ्यानं जमीन सपाट करून द्यायची, अशी वाटणीच झाल्यासारखं दिसतं.

आणि मग एएमडी आपल्याकडच्या पाण्यावर आली. काबिनी (२०१३) ही कर्नाटकात कावेरीला मिळणारी नदी. कावेरी (जानेवारी २०१४) तर तळकावेरीला उगम पावणारी कर्नाटकाची नदी. ए१०-७८५०के ही तिची मोठी चिप. तिचीच सुधारलेली आवृत्ती गोदावरी (२०१५), त्र्यंबकेश्वरची. कर्नाटकाची नदी आणि महाराष्ट्राची नदी एकाच सॉकेटात (बोर्डावर चिप बसते त्या जागेत) बसतात. सीमाभागातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं, आणि वाटावंच.

मग कृष्णेच्या नावाची चिप का नाही?

होती. चिक्कोडी, रायबाग, अथणी तालुक्यांना पाणी देणाऱ्या कृष्णेचं नाव एएमडीच्या २०१२ साठी ठरलेल्या कमी विजेच्या चिपला दिलं होतं. २०११ च्या शेवटी ती चिप रद्द झाली. तिच्या जागी आली ती काबिनी. बाजारात 'एएमडी कृष्णा' म्हणून कोणी काही विकत असेल, तर घेऊ नका.

कावेरी चिप घ्यायची झाली तर बोर्ड कोणता?

एफएम२+ सॉकेटचाच. एफएम२ आणि एफएम२+ मध्ये दोन पिनांचा फरक आहे, ९०४ आणि ९०६. जुन्या ट्रिनिटी आणि रिचलँड चिपा नव्या बोर्डात बसतात, पण कावेरी जुन्या बोर्डात बसत नाही. जोर लावला तर पिना वाकतात, कारण इथं पिना चिपला असतात. रॅम डीडीआर३.

मोबाइलच्या चिपांनाही अशी नावं असतात?

असतात, आणि तिथं शिवारातले प्राणी आहेत. क्वालकॉमच्या कोअरचं नाव स्कॉर्पियन, म्हणजे विंचू. नंतर २०१२ च्या सुमारास क्रेट, म्हणजे आपला मण्यार. सॅमसंगनं २०१६ मध्ये स्वतःची कोअर काढली, तिचं नाव मुंगूस. मण्यारीला मुंगसानंच उत्तर द्यायचं, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

ॲपलची नावं वाऱ्या-वादळाची. आयफोन ८ मधल्या ए११ चिपच्या मोठ्या कोअरचं नाव मॉन्सून. एनव्हिडिया शास्त्रज्ञांची नावं घेते: केप्लर, पास्कल, ट्युरिंग, ब्लॅकवेल. इथला 'वेल' विहिरीचा धरू नये. ते डेव्हिड ब्लॅकवेल या गणितज्ञाचं आडनाव आहे.

भारतीय चिपांची नावं?

आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पातल्या रिमो आणि राइजक्रीक २०१८ च्या, मौशिक २०२० ची. मौशिक वाचलं की गणपतीचा उंदीर डोळ्यांपुढं येतो. राइजक्रीकमधला 'क्रीक' म्हणजे ओढा, आपल्या बळ्ळारी नाल्यासारखा. आणि ती चिप घडवली गेली ओरेगॉनमध्येच, इंटेलच्या कारखान्यात, २२ नॅनोमीटरवर.

माझ्या कॉम्प्युटरातल्या चिपचं कोडनेम कसं शोधू?

सोपा मार्ग: सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. पहिल्याच पानावर 'कोड नेम' असा रकाना असतो.

काही बसवायचं नसेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'सेट प्रोसेसर' हे दोन शब्द इंग्रजीत टाइप करा. 'फॅमिली ६ मॉडेल ९४' अशी ओळ येईल. लिनक्सवर 'एलएससीपीयू' ही कमांड, सगळी अक्षरं लहान आणि जोडून. इंटेलच्या डेस्कटॉप चिपांसाठी मॉडेल क्रमांक असे वाचा: ४२ सँडी ब्रिज, ५८ आयव्ही ब्रिज, ६० हॅसवेल, ९४ स्कायलेक, १६५ कॉमेट लेक, १६७ रॉकेट लेक, १५१ आल्डर लेक, १८३ रॅप्टर लेक. १५८ आला तर घाई करू नका; केबी आणि कॉफी दोघींचा तोच आकडा आहे. त्याच ओळीतलं पुढचं स्टेपिंग (दुरुस्तीची खूण, शेवटी समजावली आहे) ९ असेल तर केबी, १० किंवा त्याच्या वर असेल तर कॉफी.

चिप सुटी हातात असेल तर झाकणावरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, खरवडू नका. उजेडाकडं तिरकी धरली की बारीक अक्षरं दिसतात. 'आय५' नंतरच्या आकड्यांत पिढी असते: २४०० सँडी, ३४७० आयव्ही, ४५७० हॅसवेल, ६५०० स्कायलेक, ७४०० केबी, ८४०० कॉफी, १०४०० कॉमेट, १२४०० आल्डर.

नावात लेक आहे, बोर्डालाही लेक चालते म्हणतात. मग बसेल ना?

सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. स्कायलेक, केबी आणि कॉफी तिघींना ११५१ पिनांचा सॉकेट. खाचा त्याच जागी, त्यामुळं चिप बसते, खटका लागतो, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते. कॉफी लेकमध्ये इंटेलनं पिनांची कामं बदलली. वीज पुरवणाऱ्या पिना १२८ वरून १४६ केल्या. म्हणून स्कायलेक आणि केबीला १०० किंवा २०० मालिकेचा बोर्ड (एच११०, बी२५०), आणि कॉफीला ३०० मालिकेचा (एच३१०, बी३६०, बी३६५). एच११० वर आय५-८४०० चालत नाही आणि एच३१० वर आय५-६५०० चालत नाही. 'सॉकेट ११५१' एवढंच सांगणाऱ्याकडून बोर्ड घेऊ नका, चिपसेटचं (बोर्डावरच्या जोडीच्या चिपचं, जसं एच११०) नाव विचारा.

पुढच्या लेकी: कॉमेट आणि रॉकेट १२०० मध्ये, आल्डर आणि रॅप्टर १७०० मध्ये, ॲरो लेक १८५१ मध्ये. कूलर हलवताना लक्षात ठेवा, ११५५ पासून १२०० पर्यंत स्क्रूच्या भोकांतलं अंतर ७५ मिलिमीटर आहे, १७०० पासून ७८. तीन मिलिमीटरच कमी पडतात म्हणून ओढून बसवलेला कूलर एका बाजूनं उचललेला राहतो आणि चिप तापते.

विहिरींचा हॅसवेल ११५० मध्ये. एका पिनेचाच फरक असला तरी खाचा वेगळ्या आहेत. ११५१ मध्ये घालायला जाऊ नका. इंटेलमध्ये पिना बोर्डाला असतात, आणि वाकलेली एक पीन अख्खा बोर्ड घालवते.

एच६१ बोर्डावर आय५-३४७० घातला, पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही. चिप गेली का?

बहुधा नाही. एच६१ हा सँडी ब्रिजच्या वेळचा बोर्ड. आयव्ही ब्रिज त्याच ११५५ सॉकेटात चालते, पण बायोस नवा लागतो. आय३-२१०० किंवा तत्सम सँडी ब्रिज चिप तात्पुरती घाला, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा आणि नेमक्या आवृत्तीचा बायोस पेन ड्राइव्हवर घ्या, अपडेट करा, पूर्ण बंद करून मग आयव्ही बसवा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड अडकतो, तेव्हा पावसाळ्यात यूपीएसशिवाय हे काम करू नका. अशा वेळी दोन पुलांमधला नदीचा भाग ओलांडायला जुनीच नाव लागते, असं लक्षात ठेवा.

एक फरक हातानं जाणवतो. सँडी ब्रिजच्या झाकणाखाली धातूचा डाग (सोल्डर) होता. आयव्हीपासून तिथं पेस्ट आली, म्हणून ती अधिक तापते. बाहेरची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

विंडोज ११ साठी कुठपासूनची चिप चालते?

डेस्कटॉपवर कॉफी लेकपासून, म्हणजे आठव्या पिढीपासून. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून स्कायलेक आणि केबी लेकचे ऑफिसातले कॉम्प्युटर आता स्वस्त मिळतात. लिनक्स टाकणार असाल तर ते घ्यायला हरकत नाही.

नावावरून चिप चांगली की वाईट ते कळतं का?

नाही.

स्टेपिंग म्हणजे काय? बी२, बी३ असं लिहितात ते.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक भागात, काम केलेल्याला हे एका वाक्यात कळेल. कास्टिंगवर (ओतीव भागावर) पॅटर्न नंबर (साच्याचा) असतो आणि हीट नंबर (धातूच्या खेपेचा) असतो. पॅटर्नमध्ये दुरुस्ती केली की त्याची खूण बदलते, मालाचं नाव तेच राहतं. स्टेपिंग म्हणजे ती दुरुस्तीची खूण. चिप बनवणाऱ्या कारखान्यालाही फाउंड्रीच म्हणतात.

याचं महत्त्व सँडी ब्रिजच्या वेळी दिसलं. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलनं जाहीर केलं की तिच्या जोडीच्या चिपसेटमध्ये दोष आहे. हार्ड डिस्कचे २ ते ५ क्रमांकाचे पोर्ट काळानुसार कमकुवत होऊ शकतात, ० आणि १ ठीक आहेत. दोष काढलेली आवृत्ती म्हणजे बी३. त्या काळातला जुना बोर्ड हाती आला आणि खोक्यावर बी३ नसेल, तर डिस्क ० किंवा १ वरच लावा.

आय५-१३४०० च्या बाबतीत तर विक्रीचं नाव एक आणि आतली जात दोन. बी० स्टेपिंगची रॅप्टर लेकच्या तुकड्यावर बनलेली, सी० ची आल्डर लेकच्या. सीपीयू-झेडमध्ये 'रिव्हिजन' या रकान्यात बघा.